डोंगरातलं जुन्नर

जुन्नरची लेणी बघायला आलेला माणूस तासाभरात कंटाळतो. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्याला इथं डोळा ठरवायला फारसं काही मिळत नाही. मूर्ती जवळजवळ नाहीतच, रंगवलेल्या भिंती नाहीत, कोरीवकामही मोजकंच. एकापुढं एक खोल्या, खोलीत दगडी ओटा, बाहेर पाण्याचं टाकं. लोक दोन फोटो काढतात आणि लेण्याद्रीच्या गणपतीला नमस्कार करून परत फिरतात.

पण गावाभोवतीच्या डोंगरांत अशा खोदकामांची संख्या दीडशेच्या वर आहे. एवढी लेणी एका गावाभोवती दुसरीकडं क्वचितच सापडतील. दक्षिणेला मानमोडी, पश्चिमेला शिवनेरी, त्याच्या पलीकडं तुळजालेणं, उत्तरेला कुकडी ओलांडली की लेण्याद्री. मधल्या सपाटीवर जुनं जुन्नर होतं. ते माती-विटांचं, लाकडाचं गाव कधीच मातीत गेलं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदून पाहिलं तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तीच्या खुणा खाली निघाल्या. वर उभं राहिलं ते फक्त डोंगरातलं गाव. भिक्खूंच्या खोल्या, सभेची जागा, जेवणाची जागा, पाण्याची सोय, पूजेचा स्तूप, सगळं त्यात आहे. इसवी सनाच्या आधी शंभरेक वर्षांपासून पुढं तीनशे वर्षं हे काम चाललेलं होतं.

हे गाव नुसतं बघून कळत नाही, वाचावं लागतं. भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत लेख आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी 1881 मध्ये पश्चिमेकडच्या लेण्यांतले लेख एकत्र छापले, त्यात जुन्नरचेही आले. मला ब्राह्मी येत नाही. लेखांचे उतारे मी वहीत मराठीत उतरवून घेतले होते आणि वही पिशवीत टाकून तीन दिवस पायी फिरलो. गाडी असती तर एका दिवसात उरकलं असतं, पण एका डोंगरावरून दुसरा किती लांब दिसतो, पाणी कुठल्या अंगाला उतरतं, हे चालल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या दिवशी मानमोडी धरली, कारण शेतीचे लेख तिथंच जास्त. गावातून निघालं की अर्ध्या-पाऊण तासात पायथा येतो. वर जाणारी वाट गुराख्यांची आहे, घाणेरीच्या जाळ्यांतून. कड्याला आग्यामोहळं लटकलेली असतात, तिथं बिडी-काडी पेटवायची नाही आणि मोठ्यानं बोलायचंही नाही. या डोंगराचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात ‘मानमुकड’ असं आलंय. मानमुकड, मानमोडी. एवढी राज्यं आली-गेली, पण डोंगराचं नाव गुराख्यांनी सांभाळलं.

वर भूतलिंग गटात एक चैत्यगृह आहे. त्याचं तोंड एवढं सुंदर की जुन्नरातलं सगळ्यात देखणं तेच म्हणावं. कमानीत मधोमध गजलक्ष्मी, दोन्हीकडं हत्ती, बाजूला हात जोडलेली माणसं. आत गेलं की काम अर्धवट सोडलेलं. खडकात मऊ थर लागला आणि काम थांबलं, असं अभ्यासक सांगतात. ज्यानं विहीर खोदलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वर काळा पाषाण घणाला दाद देत नाही, आणि तीस फुटांवर एकदम मांजऱ्या दगड किंवा गेरूचा पट्टा लागतो, तो हातानं सुटतो. विहिरीत असा पट्टा लागला तर आपण बाजूनं बांधून घेतो. लेण्याला बांधता येत नाही, त्याचं छत म्हणजे डोंगरच. पुढचं तोंड घडवून झाल्यावर हा थर लागला असेल तेव्हा त्या पाथरवटांना काय वाटलं असेल, याचा विचार करत मी तिथं बराच वेळ बसलो.

अशी अर्धवट लेणी मला पुरी झालेल्यांपेक्षा जास्त आवडतात. काम कसं केलं ते त्यांतच दिसतं. आधी छत घडवायचं, मग खाली खाली उतरत यायचं. म्हणजे पराती बांधायची गरज नाही, पायाखालचा न फोडलेला दगड हीच परात. खांब बांधायचे नसतात, ते सोडायचे असतात. आधी ठरवलं नसेल तर नंतर खांब उभा करता येत नाही.

या लेण्यावर दात्याचं नाव आहे, चंद. आणि तो यवन आहे. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढं पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसांनाही तो शब्द लागू लागला. त्याच मानमोडीवर, भीमाशंकर गटात, 46 या सालाचा एक लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, यानं मंडप आणि पाण्याचं टाकं दिलं. शकाचं साल धरलं तर ते इसवी सन 124 होतं. राजाच्या माणसाचा असा लेख इथं अपवादानं दिसतो. बाकी डोंगर भरलाय तो साध्या लोकांनी.

साध्या म्हणजे किती साध्या? एका लेखात बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी आहे, ‘वासकार’. त्याच लेखात कांस्यकाम करणाऱ्यांची, ‘कासाकार’. श्रेणी म्हणजे त्या त्या धंद्याच्या लोकांचा संघ. दुसऱ्या एका लेखात धान्याचा धंदा करणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. सात खोल्या! आमच्याकडं अडत्यांनी मिळून शाळेला एक पंखा दिला तर त्यावर तीन ओळी रंगवतात. इथं सात खोल्या खोदून दिल्या आणि लेख एका ओळीचा.

वासकार आणि कासाकार यांनी मात्र लेणं दिलेलं नाही. त्यांच्याकडं दुसऱ्यांनी रक्कम ठेवलेली आहे. ती त्यांनी धंद्यात वापरायची आणि तिच्या वाढीतून संघाला देत राहायचं. हे गणित कसं चालायचं ते नाशिकच्या लेण्यांत फार स्वच्छ लिहिलंय. नहपानाचा जावई उषवदात यानं 3000 कार्षापण ठेवले. त्यातले 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडं, महिना शेकडा एक दरानं. उरलेले 1000 दुसऱ्या श्रेणीकडं, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, वाढ तेवढी खायची. दोन हजारांचे महिन्याला 20, वर्षाला 240. लेण्यात पावसाळ्याला राहणारे भिक्खू 20, प्रत्येकाला चीवराचे 12. वीस बारं 240. मी वहीत गुणाकार करून पाहिला आणि तो पैशाला पैसा जुळला तेव्हा खरं सांगतो, अंगावर काटा आला. त्या लेखातला वाढीचा शब्द आहे ‘वढि’. आमच्या आजाच्या काळात सावकाराकडून धान्य उचलायचे त्याला वाढीदिढी म्हणायचे. शब्द तोच, फक्त आमच्या वाट्याला त्याची दुसरी बाजू आली.

आमच्या भागात एक पतसंस्था बुडाली तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचे दुधाचे साठवलेले पैसे तिच्यात गेले. अध्यक्ष, संचालक सगळे ओळखीचे, जेवायला येणारे-जाणारे. त्यामुळं मी हे लेख वाचतो ते वेगळ्या नजरेनं. कुणीतरी आयुष्याची रक्कम विणकरांच्या, बुरुडांच्या हातात ठेवली. कधीच परत मागायची नाही म्हणून ठेवली. राजा मरेल, राज्य बदलेल, पण कापड विणणारे आणि टोपल्या करणारे राहतील, आणि दिलेला शब्द त्यांची पोरं पाळतील, एवढा भरवसा त्यामागं आहे. डोंगरात खोल्या खोदणं अवघड खरंच, पण त्या खोल्यांत राहणाऱ्याला दरसाल वस्त्र पुरवत राहणं त्याहून अवघड होतं.

पैसा आला कुठून, ते कळायला नाणेघाट डोळ्यापुढं आणावा लागतो. जुन्नरपासून तीसेक किलोमीटरवर पश्चिमेला सह्याद्रीची भिंत तुटते आणि कोरलेली वाट कोकणात उतरते. तिथून कल्याण, सोपारा, समुद्र. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेत. वर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं सांगतात. घाटावरचा माल खाली आणि बंदरावरचा वर, सगळा याच वाटेनं. बैल थकायचे, माणसं थांबायची, ते जुन्नरला. यवन, शक, कल्याणचे सोनार-सावकार या डोंगरांवर नावं ठेवून गेले ते त्यामुळंच.

त्या शकांपैकी एकाचा लेख माझ्या सगळ्यात जवळचा. आडुथुमा त्याचं नाव. त्यानं वडालिका गावातली वीस निवर्तनं जमीन करंजाची झाडं लावण्यासाठी आणि कटापुटक गावातली नऊ निवर्तनं वडाची झाडं लावण्यासाठी दिली. कोणाचिक नावाच्या श्रेणीकडं ती ठेव आहे. निवर्तन हे जमिनीचं माप. माणूस मूळचा परमुलखातला, पण झाडं कोणती निवडली बघा. करंज बांधावर, खडकाळ रानात, पाण्याविना येतो. शेळी त्याला तोंड लावत नाही. बियांचं तेल दिव्याला चालतं, पेंड खताला होते आणि वाळवीलाही आवरते. लेख तेलाचं काही बोलत नाही, पण एवढ्या अंधाऱ्या खोल्यांत रात्री दिवे लागत असणार, आणि दिव्याला तेल लागणार, हे मला सरळ दिसतं. वडाचं मात्र कोडं आहे. नऊ निवर्तनं वड कशाला? सावलीला असेल, किंवा वाटेवरच्या बैलांना थांबायला.

आणि या रानांत राबायचं कोण? लेखात देणाऱ्याचं नाव आहे, गावाचं आहे, झाडाचं आहे, मापाचं आहे. नांगर धरणाऱ्याचं नाही. छिन्नी धरणाऱ्याचंही या डोंगरावर मला कुठं आढळलं नाही.

त्या संध्याकाळी जुन्नरच्या पेठेत एक म्हातारे बुरूड बसलेले दिसले. पुढं सुपं, रोवळ्या, दुरड्या. रोवळी हातात घेऊन बघत मी सहज बोललो.

“बाबा, वरच्या लेण्यांत तुमच्या धंद्याचं नाव लिहिलंय.”

“आमचं? ती पांडवांनी येका रात्रीत खोदल्याली हायेत.”

“पांडव असतील नसतील. पण दोन हजार वर्षांमागं इथल्या बांबूवाल्यांचा संघ होता. लोक त्यांच्याकडं पैसा ठेवायचे.”

त्यांनी कोयता बाजूला ठेवला. “आमच्याकडं? ठेवायला?”

“तर काय. आणि दर महिन्याला ते व्याज द्यायचे, भिक्खूंना.”

“बँक आम्हाला धा हजार देत न्हाई,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “पाव्हणं, ते नाव दावा की कुठं हाय ते. नातवाला घिऊन जातो.”

मी वहीतल्या कागदावर शब्द लिहून दिला, वासकार, आणि वाट सांगितली. रोवळीचे पैसे त्यांनी घेतले, पण वीस रुपये कमी.

दुसऱ्या दिवशी शिवनेरी. गडावर माणसांची रीघ, ती शिवरायांच्या जन्मस्थानाकडं, आणि तशीच असावी. 1630 साली महाराज इथं जन्मले. पण गडाच्या पोटात, कड्याच्या मधल्या अंगाला, त्याच्याही दीड हजार वर्षं आधीची वस्ती आहे, तिकडं फारसं कुणी वळत नाही. वाट काही ठिकाणी घसरडी आहे, पावसाळ्यात जाऊ नये. तिथं वीरसेनक नावाच्या गहपतीनं चैत्यगृह दिलंय. गहपति म्हणजे घरधनी, मोठा कुळवाडी म्हणा. ते दिलंय सगळ्या लोकांच्या हितसुखासाठी. तिथंच चिट नावाच्या यवनानं भोजनमंडप दिला, म्हणजे पंगतीची जागा. आणि इरिल नावाच्या यवनानं दिल्या ‘बे पोढियो’.

बे पोढियो. हे दोन शब्द मला कुणी समजावून द्यायला नकोत. बे म्हणजे दोन. बोलताना आपण दोन म्हणतो, पण पहिलीतलं पोरगं पाढा सुरू करतं ते बे एके बे म्हणूनच. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं, सह्याद्रीच्या अंगाला आजही हाच शब्द आहे. लेणं हा शब्दसुद्धा त्या लेखांत ‘लेण’ असाच येतो. करंज तर करंजच. परमुलखातला माणूस येतो, दोन टाकी खोदून देतो आणि आपल्या बोलीच्या पणजीत तसं लिहून ठेवतो.

पोढीची करामत बारकाईनं बघण्यासारखी आहे. वरून तोंड लहान, चौकोनी, आत मात्र पोट खडकात दूरवर गेलेलं. तोंड लहान म्हणून ऊन कमी लागतं, पाणी उडत नाही, पालापाचोळा पडत नाही. तोंडाच्या काठाला खाच असते, तिच्यात झाकणाची फळी बसत असावी. कड्यावरून पावसाचं पाणी ओघळतं, ते बारीक चरांनी वळवून आत घेतलेलं. लेण्यांत मुक्काम मुख्यतः पावसाळ्याचा, भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहायचं, फिरायचं नाही. पण पोढी भरली की उन्हाळ्यापर्यंत पुरायची. मी मे महिन्यात नव्हतो गेलो, माघात गेलो होतो. तेव्हा शिवनेरीच्या एका पोढीत हात घातला तर कोपरापर्यंत गार पाणी. खाली शेतात त्याच वेळी बोअरची मोटर दर वीस मिनिटांनी धापा टाकत होती. पाचशे फूट खाली जाऊन जे मिळेना ते दोनशे फूट वर खडकाच्या वाटीत होतं.

दुपारून तुळजालेण्याकडं चाललो. रस्ता उसातून, द्राक्षबागांतून जातो. हा गट सगळ्यात जुन्यांपैकी. इथं एक गोल चैत्य आहे, बाकी चैत्यांसारखा लांबोडका नाही. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे आठकोनी खांब, वर घुमट. मला तर तो आत उभं राहून पाहिलेल्या कडब्याच्या गंजीसारखा वाटला. शेजारी तुळजादेवी बसलेली आहे. एक माउली ओटी भरायला आली होती, तिनं मला गूळ-खोबरं दिलं. स्तूपालाही तिनं हळद-कुंकू लावलं आणि पुढं गेली.

तिसऱ्या दिवशी कुकडी ओलांडून लेण्याद्री. जवळपास तीनशे पायऱ्या. डोलीवाले विचारतात, मी चालतच गेलो. ज्याला आपण गिरिजात्मजाचं देऊळ म्हणतो तो भिक्खूंचा विहार आहे. पन्नासेक फूट लांब-रुंद सभामंडप आणि मध्ये आधाराला एकही खांब नाही. वर सगळा डोंगर आणि खाली उघडी जागा, दोन हजार वर्षं. तीन बाजूंना मिळून वीस खोल्या, सात, सहा, सात. अष्टविनायकाला आलेली माणसं दर्शन घेऊन त्याच खोल्यांच्या सावलीत डबे सोडतात. शेजारच्या चैत्यगृहावर लेख आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचं हे दान. हेरणिक म्हणजे सोन्या-नाण्याच्या धंद्यातला माणूस. बंदराचा पैसा घाट चढून इथवर आला, त्याची ही पावती.

गर्दीपासून लांबच्या लहान लेण्यांकडं कुणी नव्हतं. एका खोलीत शिरलो. दगडी ओट्यावर आडवा झालो तर पाय पुरले, उशाला वीतभर उरलं. दाराच्या चौकटीला वर-खाली बिजागराची भोकं, म्हणजे लाकडी दार होतं आणि ते आतून लागायचं. बाहेर वारा होता, आत त्याचा आवाजही नव्हता. दारातून समोर कुकडीचं पात्र, त्याच्या पलीकडं शिवनेरी, डावीकडं लांब मानमोडीची काळी रेघ. इथला भिक्खू रात्री दार लावण्याआधी त्या डोंगरांवर लुकलुकणारे दिवे बघत असणार. करंजाच्या तेलाचे, असं मी धरून चाललो.

उतरताना पायथ्याला काकडी-ताकवाल्या बायका बसल्या होत्या. एकीनं विचारलं, “दादा, येवढा उशीर? गणपती तर तवाच बंद झाला.” मी म्हटलं, “गणपतीच्या शेजाऱ्यांकडं गेलो होतो.” तिनं ताकाचा दुसरा पेला भरला.